बाप्पा ऐकते

दहावीची परीक्षा चार-पाच दिवसांवर आली की नागपुरात टेकडीच्या गणपतीपुढची रांग वेगळी दिसायला लागते. एरवी मंगळवारी तिथे नोकरदार असतात, बर्डीतले दुकानदार असतात, स्टेशनवर उतरून पुढची गाडी पकडण्याआधी हात जोडून जाणारे प्रवासी असतात. त्या आठवड्यात मात्र शाळेची पोट्टी दिसतात, आईवडलांच्या मागे मागे, हातात प्लास्टिकच्या पाकिटात घातलेलं हॉलतिकीट. गेल्या फेब्रुवारीत माझ्या पुढे असाच एक मुलगा होता. त्याच्या आईनं हॉलतिकीट पुजाऱ्याकडे दिलं, पुजाऱ्यांनी ते देवापुढे टेकवून परत केलं, आणि ती मोठ्यानं म्हणाली, "देवा, याले थोडीशी अक्कल दे. दिवसभर मोबाईलच घेऊन बसून रायते. हा नापास झाला तं मले तोंड दाखवाले जागा नाही उरणार." मागची दोन माणसं हसली. मुलानं जोडलेले हात तसेच राहिले, पण मान खाली गेली. त्यानंतर निघेपर्यंत त्यानं मूर्तीकडे पाहिलं नाही.

त्या आईला दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. लेकरासाठी उन्हात रांगेत उभी राहणारी बाई होती ती. आणि मी तिच्यापेक्षा वेगळी वागलेली नाही. माझा मुलगा दहावीला होता तेव्हा सराव परीक्षेची गणिताची उत्तरपत्रिका पाहून मी त्याला म्हणाले होते, "तुझ्याच्यानं काही होणार नाही." त्याच संध्याकाळी मी याच देवळात येऊन त्याच्या मार्कांसाठी डोकं टेकवलं. आज तो पुण्यात नोकरी करतो, चांगला आहे, मला जपतो. मध्यंतरी बोलता बोलता कळलं की आईनं आपल्यासाठी प्रार्थना केली होती हे त्याच्या गावीही नाही. ते वाक्य मात्र त्याला आठवतं. कुठल्या खोलीत उभी राहून म्हणाले, हेसुद्धा आठवतं.

एकाच तोंडातून एकाच दिवशी निघालेले ते दोन बोल होते. एक देवाला, एक लेकराला. देवाला बोललेलंच तेवढं देव ऐकतो आणि लेकराला बोललेलं देवाच्या कानांवर जात नाही, असं मी कशाच्या आधारावर धरून चालले होते? हा प्रश्न मला बरीच वर्षं सुचला नाही. सुचायला हवा होता, कारण त्याचं उत्तर माझ्या आजीनं मी सहा वर्षांची असतानाच देऊन ठेवलं होतं.

आमचं घर महाल या जुन्या वस्तीत होतं. संध्याकाळी दिवा लागला की आम्ही पाच-सहा पोट्टी देवघरासमोर बसायचो आणि शुभंकरोती म्हणताना कुणाचा आवाज मोठा याची शर्यत लागायची. आजी आतून म्हणायची, "वरडू नोको वं, बाप्पा ऐकते." तेवढं झालं की आम्ही अंगणात पळायचो, तिथे भांडण व्हायचं, कुणीतरी कुणालातरी शिवी द्यायचं, आणि आजी पुन्हा तिथूनच म्हणायची, "शिव्या देऊ नोको वं, बाप्पा ऐकते." शब्द तेच, आवाजही तोच. पहिल्या वेळी त्याचा अर्थ होता: भिऊ नको, तुझा छोटा आवाजही पोचतो. दुसऱ्या वेळी अर्थ होता: जपून, हाही पोचतो. तिच्या डोक्यात या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्या. देव ऐकतो म्हणजे सगळंच ऐकतो. हव्या त्या वेळी चालू आणि नको त्या वेळी बंद, असा कान तिच्या देवाला नव्हता.

'बाप्पा' हा शब्द आपल्याकडे नुसता गणपतीचा नाही. "काऊन बाप्पा, कुठं चालला?" असं आपण शेजाऱ्याला विचारतो, रिक्षावाल्याला म्हणतो, ठेच लागली तर "अरे बाप्पा" म्हणतो. बापाला, देवाला आणि रस्त्यात भेटलेल्या अनोळखी माणसाला एकाच शब्दानं हाक मारायची सवय विदर्भाला आहे. मला ती फार मोलाची वाटते. ज्या शब्दानं देवाला बोलवायचं त्याच शब्दानं माणसाला बोलवत असू, तर माणसाशी बोलताना तोंड निराळं कसं ठेवणार?

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मी श्रद्धावान बाई म्हणून श्रद्धावानांनाच सांगते आहे. लहान मुलासारख्या विश्वासानं देवाला हाक मारणं आणि शब्द जपून वापरणं ही दोन वेगवेगळी व्रतं नाहीत. ऐकणारा आहे, असं खरंच वाटत असेल तर ओरडायची गरज उरत नाही, सौदा करायची गरज उरत नाही आणि वाटेल ते बोलायची मुभाही उरत नाही. आपल्या शहरात देवाच्या नावानं जो आवाज वाढत चालला आहे, त्याच्याकडे मी याच बाजूनं पाहते.

पोळ्यापासून दसऱ्यापर्यंत नागपुरात दरवर्षी तोच वाद रंगतो. डीजे किती वाजेपर्यंत, भोंगे कुणाचे, आधी कुणाचे उतरवायचे, पोलीस कुणाकडे काणाडोळा करतात. वाद सगळा कायद्याच्या भाषेत चालतो. कायदा तसा स्पष्ट आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद, राज्य सरकारला वर्षातून फार तर १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते. वस्तीत दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५, आणि दवाखाने, शाळा, न्यायालयं यांच्या भोवती १०० मीटरपर्यंत सरकारनं जाहीर केलेलं शांतता क्षेत्र, तिथे दिवसा ५० आणि रात्री ४०. त्याच २००० साली सर्वोच्च न्यायालयानं चेन्नईच्या एका चर्चच्या खटल्यात सांगितलं होतं की दुसऱ्याची शांतता मोडून प्रार्थना करावी असं कुठलाच धर्म सांगत नाही. न्यायाधीशांना हे लिहावं लागलं याचं मला वाईट वाटतं. हे वाक्य आपल्या देवळातून, मशिदीतून, चर्चमधून, विहारातून आधी यायला हवं होतं. देवावर विश्वास असणाऱ्यांनी हे न्यायालयाकडून शिकावं लागणं ही आपल्या विश्वासाची उणीव आहे.

या वादात मी पडले ती वडलांमुळे. ते मेडिकलला अकरा रात्री होते. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते, सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाला सगळा विदर्भ मेडिकल म्हणतो. गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरपासून थेट मध्य प्रदेशातल्या बालाघाट, छिंदवाड्यापर्यंतची माणसं तिथे येतात. रात्री वॉर्डाबाहेरच्या व्हरांड्यात नातेवाईक सतरंज्या टाकून झोपतात. माझ्या शेजारी बालाघाटकडची एक बाई होती, तिचा नवरा आत होता. ती रोज रात्री भिंतीला हात लावून डोळे मिटायची आणि म्हणायची, "मालिक, तू देख लेना." बस, एवढंच. मग डब्यातली उरलेली पोळी खायची आणि कुशीवर वळून झोपायची. मी तिच्या बाजूला बसून स्तोत्रांमागून स्तोत्रं म्हणत होते, आणि मला झोप नव्हती. पाचव्या-सहाव्या रात्री माझ्या ध्यानात आलं की आमच्या दोघींत प्रार्थना तिनेच केली होती. मी त्या स्तोत्रांनी माझी भीती मोजत बसले होते. तिनं आपलं काम कुणाच्या तरी हवाली केलं होतं आणि हवाली केल्यावर तिला झोप येत होती. जत्रेत दमलेलं पोर बापाच्या खांद्यावर मान टाकून झोपतं तशी.

त्यातल्याच एका संध्याकाळी बाहेरच्या रस्त्यावरून मिरवणूक गेली. कुणाची होती ते मी लिहीत नाही. ते लिहिलं की वाचणारे दोन बाजूंना वाटले जातात आणि खिडकीची काच विसरली जाते. काच थरथरत होती. वॉर्डातल्या लोखंडी खाटेवर हात ठेवला की ठोका हाताला जाणवायचा. वडलांनी माझं मनगट घट्ट धरलं होतं आणि ते काहीतरी सांगत होते. मला ऐकू आलं नाही. मिरवणूक पुढे गेल्यावर विचारलं तर त्यांनी मानेनंच नको म्हटलं. ते काय म्हणाले हे मला आजतागायत माहीत नाही. बाहेर देवाचं नाव घेतलं जात होतं, आणि त्या नावामुळे एका म्हाताऱ्याचं बोलणं त्याच्या लेकीपर्यंत पोचलं नाही.

डेसिबलचा हिशोब करणारे करोत, तो करायलाच हवा. मला त्या मिरवणुकीतल्या पोरांना वेगळंच विचारायचं आहे. तुमचा देव ऐकतो ना? मग एवढ्यानं का सांगता? ताजबागेत ताजुद्दीन बाबांच्या मजारीशी डोकं टेकवून माणसं जे पुटपुटतात ते शेजारी उभ्या असलेल्यालाही कळत नाही, आणि तिथे हिंदू-मुसलमान दोघंही जातात, पिढ्यान्‌पिढ्या जातात. पुटपुटलेलं पोचत नसतं तर कोण गेलं असतं? भिंतीएवढे स्पीकर देवासाठी नसतात हे लावणाऱ्यालाही ठाऊक असतं. ते पलीकडच्या गल्लीसाठी असतात, पलीकडच्या मंडळासाठी, पलीकडच्या धर्मासाठी. प्रार्थना ज्याला उद्देशून नाही त्याला ऐकवली जाते तेव्हा ती प्रार्थना राहत नाही, ती धमकी होते.

आणि ही सवय आम्हीच लावली आहे. मी एकतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. परिपाठाला मुलं ओळीत उभी राहायची, प्रार्थना सुरू व्हायची आणि आम्ही शिक्षक म्हणायचो, "आवाज नाही आला! मोठ्यानं!" ज्या वर्गाचा आवाज मोठा त्याची प्रार्थना चांगली. पहिलीतलं एखादं पोर डोळे घट्ट मिटून नुसते ओठ हलवत असायचं, तर त्याला आम्ही टोकायचो. बहुधा रांगेतलं खरं बोलणारं तेवढंच होतं.

याच मातीत वेगळं शिकवणारा माणूस होऊन गेला. अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचे तुकडोजी महाराज. आपलं विद्यापीठ त्यांच्या नावाचं आहे. त्यांनी गावागावांत सामुदायिक प्रार्थना सुरू केली. खंजिरी वाजवून भजन करणारा माणूस, त्यांना आवाजाचं वावडं नव्हतं. पण जात, पंथ बाजूला ठेवून सगळ्यांनी एका ठिकाणी शांत बसायचं, ही त्या प्रार्थनेची अट होती. ११ ऑक्टोबर १९६८ ला दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी ते गेले. दरवर्षी त्यांच्या पुण्यतिथीला गुरुकुंज मोझरीत त्याच मिनिटाला मौन श्रद्धांजली असते. ज्यांनी ती पाहिली नाही त्यांनी एकदा जाऊन पाहावी. बोलणारा, हसणारा, पोरं खांद्यावर घेतलेला, पालात चुली मांडलेला तो अफाट समुदाय एका क्षणी गप्प होतो. लाखभर माणसं गप्प असली की वाऱ्यानं झेंड्याचं कापड फडफडतं ते ऐकू येतं. तिथे कुणाला वाटत नाही की आज प्रार्थना झाली नाही.

तुकडोजींनीच आपल्या भजनात बजावलं होतं की देव काही बाजारातला भाजीपाला नाही. आपण मात्र भाव करतो. मार्क पडले तर एकवीस नारळ, नोकरी लागली तर पायी कोराडीच्या देवीला. नवस बोलणाऱ्यांची मी टिंगल करत नाही. आमच्या घरी नवस बोललेत आणि फेडलेत. पण लहान मूल कसं मागतं ते पाहा. "मले बोर पाहिजे" म्हणतं. का पाहिजे, त्याच्या बदल्यात मी काय देईन, मी ते मिळण्याच्या लायकीचा आहे का, यातलं काही नाही. मागतं, रडतं, पाय आपटतं आणि दोन मिनिटांनी खेळायला जातं. मागणं आईपाशी ठेवून जातं. मिळालं नाही तर रुसतं, पण संध्याकाळी त्याच पदराखाली येऊन झोपतं. नवसात आपण उलटं करतो. देवाला अट घालतो, म्हणजे तो आपण होऊन देणार नाही असं गृहीत धरतो. लायकी मोजतो. आणि मग तीच मोजमापं घेऊन लेकराकडे वळतो. टेकडीवरच्या त्या आईनं देवाकडे अक्कल मागितली तेव्हा मुलाला जे कळलं ते एवढंच की माझ्यात ती नाही, आणि हे आता देवालाही सांगून झालं.

इथे माझे काही मित्र मला अडवतात. ते म्हणतात, लहान मुलासारखा विश्वास ठेवा असं सांगणं धोक्याचं आहे, याच विश्वासावर भोंदू बाबा पोसले जातात. हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. नागपुरात तर कुणीच नेऊ नये. नरेंद्र दाभोलकरांचा खून २० ऑगस्ट २०१३ ला झाला आणि ते ज्यासाठी झगडले तो जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षीच्या डिसेंबरात, इथेच, हिवाळी अधिवेशनात मंजूर झाला. तो कायदा मला माझ्या श्रद्धेचा शत्रू वाटला नाही. मूल आपल्या बापाकडे जाताना मध्ये दलाल ठेवतं का? "बाबांशी बोलायचं आहे, पाच हजार घ्या आणि ओळख करून द्या" असं कुठलं पोर म्हणतं? भोंदूचा सगळा धंदा एका समजुतीवर चालतो: देव तुझं ऐकत नाही, माझं ऐकतो. बालाघाटची ती बाई असल्या माणसाच्या दारात उभी राहिली नसती, कारण तिला मध्यस्थाची गरजच नव्हती. भोंदूकडे जातो तो भ्यालेला माणूस, विश्वास गमावलेला.

आणखी एक. लहान मूल प्रश्न विचारतं. विश्वास असतो म्हणूनच विचारतं. परक्या माणसाला पोर 'का' म्हणत नाही, आईला दिवसातून शंभरदा म्हणतं. गाडगेबाबांचं कीर्तन आमच्या आबाजींनी ऐकलेलं होतं. ते सांगायचे की बाबा उपदेश कमी आणि सवाल जास्त करायचे, आणि लोकांकडून उत्तर काढून घ्यायचे, तेही आपल्या वऱ्हाडी बोलीत. त्या माणसाइतका देवावर भार टाकलेला आणि त्याच्याइतका अंधश्रद्धेवर तुटून पडलेला दुसरा माणूस मला दाखवा. या दोन्ही गोष्टी एका माणसात नांदतात, त्या भांडत नाहीत.

आता बोलण्याविषयी. इथे मला माझ्या घरापासून चार किलोमीटरवर जावं लागतं, दीक्षाभूमीवर. १४ ऑक्टोबर १९५६ ला तिथे बाबासाहेबांनी आणि त्यांच्या लाखो अनुयायांनी बौद्ध धम्म स्वीकारला आणि २२ प्रतिज्ञा घेतल्या. त्यातल्या पहिल्याच प्रतिज्ञा माझ्या देवांना नाकारणाऱ्या आहेत, आणि ते नाकारण्यामागे काय भोगलेलं होतं हे ज्याला माहीत आहे त्यानं त्याबद्दल रागावू नये. त्यांच्याकडे माझ्या अर्थानं देवाला प्रार्थना नाही. पण वाणीचा विचार त्यांच्याइतका बारकाईनं माझ्या घरात कुणी मला शिकवला नाही. पंचशीलातलं चौथं शील खोटं न बोलण्याचं आहे. अष्टांगिक मार्गात सम्यक वाचा स्वतंत्र धरली आहे आणि तिचे चार भाग केले आहेत: खोटं नको, चहाडी नको, कठोर नको आणि वायफळही नको. चौथ्यावर मी थबकले. खोटं, चहाडी, शिवी हे दोष आहेत हे कुणीही सांगेल. नुसती निरर्थक बडबड हाही दोष मानायचा? आज हातात मोबाईल घेऊन दिवसाला पन्नास निरोप पुढे ढकलणाऱ्या आपल्यासारख्यांसाठीच ते सांगितलं असावं असं वाटतं.

बुद्धांनी आपल्या मुलाला, लहानग्या राहुलला, खोट्याबद्दल कसं समजावलं ती गोष्ट मला विशेष आवडते. भांड्यात थोडंसं पाणी उरलेलं होतं. ते दाखवून म्हणाले, जाणूनबुजून खोटं बोलायला ज्याला लाज वाटत नाही त्याच्यातलं साधुत्व एवढंच. मग ते पाणी फेकलं, भांडं पालथं केलं, पुन्हा सरळ करून रिकामं दाखवलं, आणि राहुलला सांगितलं की थट्टेतसुद्धा खोटं बोलायचं नाही असं शिक. आवाज चढवला नाही, "तुझ्याच्यानं होणार नाही" म्हटलं नाही. पाण्याच्या भांड्यावर काम भागलं. दर अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर येणारी माणसं, पायांना फोड आलेली, पिशव्या भरभरून पुस्तकं विकत घेऊन जातात. शब्दाला एवढा मान देणारा मेळा मी दुसरा पाहिलेला नाही.

माझ्या परंपरेतही हे आहे, आपण ते झाकून ठेवलं आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात दुसऱ्याला उद्वेग न देणाऱ्या, खऱ्या, प्रिय आणि हिताच्या बोलण्याला वाणीचं तप म्हटलं आहे. उपास म्हणजे तप हे आपल्याला पाठ आहे, हे नाही. ज्ञानेश्वर त्याहून पुढे गेले. तेराव्या अध्यायात त्यांनी बोलण्याचं वर्णन केलं ते अहिंसेचं स्पष्टीकरण करताना. 'साच आणि मवाळ, मितुले आणि रसाळ' अशी बोलण्याची लक्षणं ते सांगतात, तेव्हा विषय असतो हिंसा कशी टाळावी हा. कोंबडं न कापणं ही अहिंसा, आणि पोराला तोडून न बोलणं हीसुद्धा. नुसतं सत्य त्यांना पुरत नाही, ते मवाळ हवं; आणि नुसतं मवाळही नको, ते मोजकं हवं. मी मुलाला बोलले ते त्या दिवशी मला खरंच वाटत होतं. मवाळ नव्हतं. आणि पुढे तो जे झाला ते पाहता खरंही नव्हतं.

कुणी म्हणेल, जपून बोलायचं तर मग लहान मुलाचा मोकळेपणा कुठे गेला? जनाबाईनं तर विठ्ठलाला 'विठ्या' म्हणून शिव्या घातल्या. नामदेवाची लहानपणची गोष्ट आपण सगळे सांगतो: बापानं नैवेद्य दाखवायला पाठवलं, देव जेवेना, तर पोर रडलं आणि डोकं फोडून घ्यायला निघालं. हे कुठलं जपून बोलणं? मला ते जपणंच वाटतं. जनाबाईची शिवी विठ्ठलासाठी होती, शेजारणीसाठी नव्हती. राग जिथे झेपेल तिथे तिनं नेला. दळण-कांडण करणाऱ्या दासीला रोज किती जणांवर संतापावं असं वाटत असेल! ते सगळं तिनं त्या एकट्याच्या पायाशी ओतलं, तो सोसेल या खात्रीनं. आपण देवापुढे गोड बोलतो, ठरलेली स्तोत्रं म्हणतो, आणि न सांगितलेला सगळा कडूपणा घरी घेऊन येऊन सुनेवर, लेकरावर, कामाला येणाऱ्या बाईवर काढतो. देवाशी भांडायला शिकलो असतो तर माणसांशी भांडणं कमी झाली असती, असं मला मनापासून वाटतं. जपायचं ते जो दुखावला जातो त्याच्या बाबतीत. देव दुखावत नाही, पंधरा वर्षांचं पोर दुखावतं.

आपल्या मारबतीत हे शहाणपण आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळ्या आणि पिवळ्या मारबतीचे मोठाले पुतळे मिरवत निघतात, मागे बडगे, म्हणजे नको त्या गोष्टींचे पुतळे असतात, इतवारी-महालात पाय ठेवायला जागा नसते, आणि सगळं शहर ओरडतं: "इडा, पीडा, रोगराई, घेऊन जा गे मारबत!" मी लहानपणी वडलांच्या खांद्यावर बसून ओरडले आहे. तेव्हा मला फक्त माझा खोकला जायला हवा होता. हीसुद्धा प्रार्थनाच, आणि मोठ्यानं केलेली. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही, ती दिवसा निघते, दिवसा संपते, आणि घालवायची असते ती पीडा. महागाई, डेंग्यू, भ्रष्टाचार यांचे बडगे मला योग्य वाटतात. ज्या वर्षी एखाद्या पुढाऱ्याचा किंवा समाजाचा बडगा करून त्याच्यापुढे अर्वाच्य घोषणा होतात, त्या वर्षी मात्र मी गच्चीवरून आत जाते. खोकला जावो म्हणणं आणि खोकणारा जावो म्हणणं यांत फार अंतर आहे, आणि ते अंतर सहा वर्षांच्या मुलाला कळतं. सभेच्या व्यासपीठावर आधी देवाचा जयघोष करून मग हात वर करून आयाबहिणी काढणाऱ्यांनाही ते लहानपणी कळत होतं. त्यांच्या घरीही कुणीतरी आजी असेलच.

गेल्या वर्षी मी आमच्या नंदनवन वस्तीतल्या गणेश मंडळाच्या बैठकीला गेले. बाईमाणूस म्हणून एरवी आरतीच्या ताटापुरती बोलावली जाते, मी न बोलावता गेले. पोरं चांगली आहेत, त्यातली दोन माझ्या हाताखाली शिकलेली. मी कायदा काढला नाही. वडलांचं सांगितलं. काच, खाट, मनगट. मग म्हटलं, डीजेचं तुम्ही ठरवा, पण निदान आरतीचा माईक बंद ठेवा, गल्लीत दोन घरी अंथरुणाला खिळलेली माणसं आहेत. अर्धा तास कुणी काही बोललं नाही, पावतीपुस्तकांचंच चाललं होतं. शेवटी अध्यक्ष म्हणाला, "पाहू बाई."

दहा दिवसांतले सात दिवस आरती माईकशिवाय झाली. झांजा, टाळ्या, आणि चुकीच्या कडव्याला शिरणारी पोरं. विसर्जनाच्या मिरवणुकीला डीजे आलाच, नेहमीएवढाच मोठा. त्या रात्री कोपऱ्यावरच्या घरातल्या आजोबांच्या खिडकीला आतून चादर लावलेली दिसली.

यंदाची बैठक पोळ्याच्या आधीच्या रविवारी आहे. मी जाणार आहे. या वेळी त्या आजोबांच्या सुनेलाही बरोबर नेते आहे, आणि जाण्याआधी मुलाला फोन करायचा आहे. त्याच्याशी एका जुन्या वाक्याबद्दल बोलायचं राहून गेलं आहे.